फोटोतली ती 'एक नन' कोण, ते सांगते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुमच्याकडे माउंटबॅटन घराण्यावर पानभर लेख आला होता, तो वाचला. लेख बरा आहे, फाळणीचा भाग तर चांगलाच जमलाय, पण मधेच एक वाक्य आहे की प्रिन्स फिलिपची आई, म्हणजे माउंटबॅटनची थोरली बहीण, 'बहिरी होती आणि पुढे तिला वेड लागलं'. बस्स. एका वाक्यात बाई निकालात. वर त्याच पानावर १९५३ च्या राज्याभिषेकाचा फोटो टाकलाय, त्यात हिऱ्यामोत्यांनी मढलेल्या बायकांची नावं नीट डावीकडून उजवीकडे दिलीत आणि मधे करड्या रंगाचा साधा झगा नि डोक्याला फडकं अशी जी बाई दिसते तिच्यासाठी छापलंय 'एक नन'. अहो, ती नन म्हणजेच ती तुमची बहिरी आणि वेड लागलेली बाई! राणी एलिझाबेथची सख्खी सासू, ॲलिस!

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलंय, आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली, पण 'बहिरी' असा शब्द कुठे दिसला की अजून माझे कान टवकारतात (हा जोक आमच्या स्टाफरूममधलाच आहे, कुणी वाईट वाटून घेऊ नये). या ॲलिसची गोष्ट मी वर्गातल्या मोठ्या मुलींना दरवर्षी सांगायचे, त्यामुळे मला ती तोंडपाठ आहे, म्हणून म्हटलं लिहावं.

नात्यांचा गुंता आधी सोडवते कारण या युरोपातल्या राजघराण्यांत सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतातच. ॲलिस ही व्हिक्टोरिया राणीची पणती. जन्म २५ फेब्रुवारी १८८५, विंडसरच्या राजवाड्यात, आणि बाळंतपणाला पणजी स्वतः हजर. आई हेस या जर्मन संस्थानातली राजकन्या, वडील लुई बॅटनबर्ग, जर्मन पण नोकरी ब्रिटिश नेव्हीत. हे बॅटनबर्ग नाव पण मजेशीर आहे. ॲलिसच्या आजोबांनी एका साध्या सरदार घराण्यातल्या मुलीशी, युलिया हाउके तिचं नाव, प्रेमविवाह केला म्हणून घराण्याने मुलांना आपलं नाव द्यायला नकार दिला, मग एका छोट्या गावाच्या नावावरून बॅटनबर्ग ही पदवी काढली. पुढे १९१७ मध्ये जर्मनीशी लढाई चालू असताना जर्मन नाव इंग्लंडमध्ये नको झालं तेव्हा त्याचंच भाषांतर करून माउंटबॅटन केलं, आणि तेच नाव घेऊन धाकटा भाऊ १९४७ ला आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आला. म्हणजे तुमच्या अख्ख्या लेखाला ज्या नावाचं हेडिंग आहे ते नाव तयार व्हायला एक बाई कारण झाली, आणि तीच युलिया आजी या गोष्टीत परत येते, कशी ते बघा.

ॲलिस बोलायला उशीर करत होती. आईला वाटत होतं पोर जरा मंद आहे. ऐकू येत नाहीये हे ओळखलं ते या आजीने, आणि तिनेच जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं कारण आमच्याकडे ॲडमिशनच्या वेळी मी शंभर वेळा हेच ऐकलंय, आईबाप म्हणतात 'मॅडम, मुलगा लाजाळू आहे हो', आणि सोबत आलेली आजी मागून म्हणते 'ताट पडलं तरी वळून बघत नाही, म्हणून मीच म्हटलं दाखवा'. राजवाडा काय नि आमची गल्ली काय.

मग आईने मनावर घेतलं. तासन् तास समोर बसवून ओठ वाचायला शिकवलं, बोलायला शिकवलं, आधी इंग्रजी आणि जर्मन, नंतर फ्रेंच आली आणि लग्नानंतर ग्रीक. आता हे वाचून लोक 'वा वा' म्हणतात आणि पुढे जातात, पण ओठ वाचणं म्हणजे काय असतं ते जरा सांगते. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता 'पापा', 'बाबा', 'मामा' म्हणून बघा. तिन्ही एकसारखे दिसतात. ओठ मिटले, उघडले, झालं. मग पोरं कशावरून ओळखतात? कोण आलंय, विषय काय चाललाय, बोलणाऱ्याचे डोळे कुठे बघतायत यावरून अंदाज बांधतात, आणि हा अंदाज दिवसभर सतत, एक सेकंद पण सुट्टी न घेता. संध्याकाळी आमची पोरं डोकं धरून बसायची. समोरच्याने मान वळवली की वाक्य गेलं. मिशी आली की अर्धा शब्द गेला. आणि त्या काळच्या युरोपात एकजात सगळे राजे नि सरदार मिशाळ नाहीतर दाढीवाले! त्यांच्यात बसून या बाईने चार भाषांत आयुष्य काढलं.

लग्न लव्हमॅरेज. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला लंडनमध्ये ग्रीसच्या राजाचा मुलगा अँड्र्यू भेटला, आणि पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डार्मश्टाटला लग्न झालं, आधी नोंदणी, मग प्रोटेस्टंट पद्धतीने, मग ऑर्थोडॉक्स पद्धतीने, एकाच लग्नात तीनदा लग्न. चार मुली झाल्या आणि १९२१ मध्ये कॉर्फू बेटावर शेंडेफळ फिलिप. १९१२ च्या बाल्कन युद्धात ही बाई थेट आघाडीच्या जवळ दवाखाने उभारत, जखमींच्या मलमपट्ट्या करत फिरत होती, त्यासाठी ब्रिटनने तिला रॉयल रेड क्रॉस हा मान दिला. तुमच्या लेखात याचं नाव नाही.

१९२२ चं तर सगळ्यांना माहितीये, तुर्कस्तानशी लढाई ग्रीस हरलं, खापर फोडायला माणसं हवी होती, सहा जणांना गोळ्या घातल्या, अँड्र्यूवर पण खटला चालला पण तो हद्दपारीवर सुटला, ब्रिटिश जहाजातून सगळे पळाले आणि दीड वर्षाच्या फिलिपला संत्र्याच्या खोक्यात निजवून नेला. पॅरिसजवळ जाऊबाईंच्या घरात आसरा. या थोरल्या जाऊबाई म्हणजे मारी बोनापार्ट, नेपोलियनच्या घराण्यातल्या आणि मनोविश्लेषणवाल्या डॉ. फ्रॉइडच्या शिष्या. पैसा जाऊबाईंचा, घर जाऊबाईंचं. नवरा काही करत नव्हता. ॲलिस ग्रीक निर्वासितांसाठी चालवलेल्या दुकानात बसायची, तिथे विणकाम, भरतकाम असल्या वस्तू विकून पैसे जमवायचे.

आता 'वेड लागलं' त्याबद्दल. ती आजारी होती, हे मी नाकारत नाही. १९२८ मध्ये तिने ऑर्थोडॉक्स पंथ घेतला आणि पुढे तिला देवाचे निरोप येतात, आपल्या हातात बरं करायची शक्ती आहे असं ती म्हणायला लागली. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया म्हटलं. बर्लिनजवळच्या क्लिनिकमध्ये ठेवलं, तिथे खुद्द फ्रॉइडचा सल्ला घेतला आणि त्या थोर माणसाने काय सांगितलं, तर बाईच्या अंडाशयावर क्ष-किरण सोडा म्हणजे पाळी लवकर जाईल आणि डोकं शांत होईल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पंचेचाळीस वर्षांची बाई, पाच मुलांची आई, देश दोनदा सुटलेला, दोन मावश्या रशियात क्रांतीत मारल्या गेलेल्या, नवरा असून नसल्यासारखा, आणि उपाय काय तर एक्सरे.

मग १९३० च्या मे महिन्यात मुलांना दिवसभरासाठी बाहेर नेलं आणि ती परत यायच्या आत आईला जबरदस्तीने गाडीत घालून स्वित्झर्लंडमध्ये क्रॉइत्सलिंगेनच्या सॅनेटोरियममध्ये पोचवली. फिलिप तेव्हा आठ वर्षांचा. ती तिथे दोन वर्षांहून जास्त होती. ती आत होती त्या काळात, म्हणजे डिसेंबर १९३० ते ऑगस्ट १९३१ या नऊ महिन्यांत, बाहेर तिच्या चारही मुलींची लग्नं झाली, चारही जावई जर्मन घराण्यांतले, आणि आई एकाही लग्नाला नाही. चार लेकींच्या चारही लग्नांत आई नाही, हे कुठल्याही मराठी घरात सांगून बघा, जेवायला बसलेलं माणूस हात थांबवेल. नवरा दक्षिण फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर राहायला गेला. मुलगा मामांकडे नि बोर्डिंगला. घर म्हणून जे काही असतं ते संपलं. आणि आत असताना ती डॉक्टरांना सारखं सांगत होती की मी ठीक आहे, मला जाऊ द्या. ऐकू न येणाऱ्या माणसाचं म्हणणं पण कुणी ऐकत नाही हे मी पुष्कळ पाहिलंय, डॉक्टरकडे गेलं तरी डॉक्टर मुलीशी न बोलता सोबतच्या माणसाशी बोलतात.

सुटल्यावर काही वर्षं ती मध्य युरोपात कुठे कुठे नाव न सांगता राहिली. १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये तिसरी मुलगी सेसिली, दिवस गेलेले असताना, नवरा, दोन लहान मुलगे आणि सासूसकट बेल्जियममध्ये ऑस्टेंडजवळ विमान पडून गेली. लंडनला दिराच्या लग्नाला चालली होती. त्या अंत्ययात्रेत ॲलिस आणि अँड्र्यू सहा वर्षांनी समोरासमोर आले. आणि लोक सांगतात की त्या धक्क्यानंतर ही 'वेडी' बाई उलट पूर्ण भानावर आली. नंतरच्या वर्षी ती अथेन्सला परतली आणि दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटी राहायला लागली.

आता तो भाग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

दुसरं महायुद्ध. १९४१ मध्ये जर्मन सैन्य ग्रीसमध्ये शिरलं, राजघराणं पळालं, ॲलिस आणि दुसरी एक जाऊ अशा दोघीच मागे राहिल्या. हिवाळ्यात अथेन्समध्ये माणसं रस्त्यात उपाशी मरत होती. ॲलिस रेड क्रॉसच्या अन्नछत्रांत काम करत होती, बहिणीला भेटायच्या निमित्ताने स्वीडनला जाऊन औषधं घेऊन आली. परिस्थिती अशी की जावई जर्मनांच्या बाजूने, एक तर सरळ एसएसमध्ये, म्हणजे हिटलरच्या खास नाझी दलात, आणि मुलगा ब्रिटिश नेव्हीत त्यांच्याविरुद्ध लढतोय. जर्मन अधिकाऱ्यांना वाटलं ही आपलीच. एक जनरल भेटायला आला आणि अदबीने विचारलं, आपल्यासाठी काही करू शकतो का, तर म्हणे, 'हो, तुमचं सैन्य माझ्या देशातून घेऊन जा.'

१९४३ मध्ये ग्रीसमधल्याच सलोनिका शहरातून ४०,००० च्या वर ज्यू आगगाड्यांत कोंबून ऑश्विट्झच्या मृत्युछावणीत पाठवले. अथेन्स तोवर इटालियनांकडे होतं म्हणून पुष्कळ जण तिकडे लपायला आले होते, पण सप्टेंबरमध्ये इटलीने शरणागती पत्करली आणि अथेन्स पण जर्मनांच्या हातात गेलं. त्यात कोहेन म्हणून एक कुटुंब होतं, मूळचं त्रिकाला गावचं. घरातले कर्ते हाइमाकी कोहेन एकेकाळी खासदार होते, नुकतेच वारले होते. १९१३ मध्ये या कोहेननी ग्रीसच्या राजाला मदत केली होती आणि राजाने शब्द दिला होता की कधी काही लागलं तर सांगा. तो राजा म्हणजे ॲलिसचे सासरे, आणि त्याच वर्षी त्यांचा खून झाला. तीस वर्षं गेली. आता कोहेनांची विधवा राशेल पोरांना घेऊन दारोदार फिरत होती, आणि सासऱ्यांनी दिलेला शब्द सुनेने पाळला. ॲलिस तेव्हा दिराच्या तीन मजली घरात राहत होती. तिने वरचा मजला राशेल आणि तिच्या मुलीला दिला, नंतर एक मुलगा पण येऊन राहिला. ऑक्टोबर १९४३ ते ऑक्टोबर १९४४, जर्मन शहर सोडून जाईपर्यंत. पकडली असती तर राजकन्या म्हणून कुणी सोडलं नसतं.

गेस्टापोला, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांना, संशय आला. चौकशी झाली. आणि चौकशीत ही बाई काय करते, तर तिला काही कळतच नाही. ते प्रश्न विचारतायत आणि ही नुसती बघतेय. जिला जर्मन ही घरची भाषा होती, जी लहानपणापासून जर्मन ओठ वाचत मोठी झाली, तिला जर्मन ऑफिसरचं एक अक्षर समजत नाही! कंटाळून नाद सोडला त्यांनी.

मला हे अगदी डोळ्यासमोर दिसतं कारण मी हा अभिनय रोज पाहिलाय. आमच्या वर्गात आठवीत एक मुलगी होती, अत्यंत हुशार, पन्नास फुटांवरून आमचं काय बोलणं चाललंय ते वाचायची. एकदा वरून साहेब तपासणीला आले. वर्गातल्या एका मुलाच्या हातून प्रोजेक्टरची काच फुटली होती आणि कुणी फोडली ते साहेबांना हवं होतं. तिला पुढे बोलावलं. ती साहेबांच्या तोंडाकडे असं काही निरागस बघत उभी राहिली, मधूनच माझ्याकडे बघायची, कानाच्या मशीनला हात लावायची, मान हलवायची. साहेब तीनदा ओरडून बोलले, मग 'बिचारी' म्हणून सोडून दिलं. ते वळल्याबरोबर तिने त्या मुलाला डोळा मारला. रागावायच्या वेळी मशीन बंद करणारी, डोळे गच्च मिटून घेणारी पोरं तर कितीतरी. लोक ज्याला बिचारी समजतात ना, तिला तेवढी एक गंमत मिळतेच आयुष्यात. ॲलिसने त्या गमतीवर तीन जीव वाचवले.

जर्मन गेल्यावर अथेन्समध्ये आपसात लढाई पेटली, डिसेंबर १९४४. संचारबंदीत ही रस्त्यावर खाऊ वाटत फिरतेय. कुणीतरी म्हणालं, अहो गोळी लागेल एखादी. तर म्हणाली, 'म्हणतात की ज्या गोळीने आपण मरतो ती ऐकूच येत नाही, आणि मी तर बहिरीच आहे, मग काळजी कसली?' नवरा त्याच महिन्यात माँटे कार्लोला वारला. १९३९ नंतर भेट नव्हती.

१९४७ च्या नोव्हेंबरात फिलिपचं लग्न झालं, नवरीची अंगठी आईच्या टिआरातले हिरे काढून केली होती. वराच्या तिन्ही बहिणींना मात्र आमंत्रण नव्हतं, नवरे जर्मन म्हणून. चार लेकींच्या लग्नाला आई नव्हती, आता भावाच्या लग्नाला बहिणी नाहीत.

मग १९४९ मध्ये तिने ग्रीसमध्ये मार्था आणि मेरीच्या नावाने नर्स-जोगिणींचा एक मठ काढला. तिची एला मावशी रशियात दिली होती, तिच्या नवऱ्याला बॉम्बने मारलं तेव्हा त्या मावशीने दागिने विकून मॉस्कोत असाच मठ काढला होता आणि १९१८ मध्ये क्रांतिकारकांनी तिला खाणीत ढकलून मारलं. ॲलिसच्या मनात ती मावशी कायम होती. पण ॲलिसचा मठ फार काही चालला नाही, जोगिणी मिळेनात. आणि ती स्वतः? तिच्या आईचंच वाक्य आहे, 'सिगरेट ओढणारी आणि पत्ते खेळणारी नन, काय बोलायचं आता!' हे वाक्य मला फार आवडतं, कारण त्यामुळे बाई देव्हाऱ्यातून खाली उतरून आपल्या शेजारी येऊन बसते.

आपल्याकडे पण ती येऊन गेलीये, हे तुमच्या लेखकाने लिहायला हवं होतं. १९६० मध्ये, राजकुमारी अमृत कौर यांच्या आमंत्रणावरून, म्हणजे आपल्या पहिल्या आरोग्यमंत्री. ॲलिसला भारतातल्या धर्मविचाराची ओढ होती. पण दिल्लीत आजारी पडली आणि दौरा अर्धवट टाकून परतावं लागलं. योगायोग बघा, भावजय एडविना माउंटबॅटन तेव्हा तिच्या स्वतःच्या दौऱ्यावर दिल्लीतून चाललेली होती, ती पुढे गेली आणि त्याच फेब्रुवारीत बोर्निओत वारली. एडविनाबद्दल तुमच्या पुरवणीत दोन कॉलम आहेत. नणंदेला अर्धी ओळ.

१९६७ मध्ये ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा मुलाने आणि सुनेने तिला बकिंगहॅम पॅलेसमध्ये आणलं. ५ डिसेंबर १९६९ ला तिथेच गेली. मागे सामान काही नव्हतं, सगळं वाटून टाकलेलं. मला जेरुसलेमला एला मावशीजवळ पुरा एवढंच म्हणणं. मुलगी कुरकुरली की इतक्या लांब आम्ही कबरीवर यायचं कसं, तर म्हणाली, 'काहीतरीच काय, चांगली बस आहे की!' तरी आधी विंडसरलाच ठेवलं, आणि १९८८ मध्ये एकदाची ऑलिव्ह डोंगरावर नेली.

कोहेनांचं तिने घरी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. १९९३ मध्ये इस्रायलच्या याद वाशेमने, म्हणजे नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या स्मारकसंस्थेने, ज्यूंचे जीव वाचवणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव घेतलं आणि पुढच्या वर्षी फिलिप आणि बहीण सोफी तो सन्मान घ्यायला गेले. फिलिप म्हणाला की आपण काही विशेष केलं असं आईच्या मनातसुद्धा आलं नसेल.

पत्र लांबलं, कात्री लावलीत तरी चालेल, फक्त कोहेनांचा भाग कापू नका.

आपली एक जुनी वाचक,
निवृत्त शिक्षिका, मिरज

ता. क. – फोटोखालची नावं दुरुस्त करून छापणार असाल तर 'ग्रीसची राजकन्या ॲलिस, प्रिन्स फिलिप यांच्या मातोश्री' असं लिहा. आणि लेखात एके ठिकाणी 'मूकबधिर' आलंय तेही काढा, चार भाषा बोलणारी बाई मुकी कशी असेल?